म्हाताऱ्या पावसातील फुलवेली

पुनर्वसू नक्षत्राच्या पावसाला आपल्याकडे ‘तरणा’ म्हणतात आणि त्यामागून येणाऱ्या पुष्याच्या पावसाला ‘म्हातारा’. जुलैच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या आरंभापर्यंतचा हा काळ. कोयनानगरात मात्र हा म्हातारा काठी टेकत येत नाही. तरण्याला लाजवील असा कोसळतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येथे साधारण चार ते पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात वर्षभरात त्याचा दहावा हिस्साही कसाबसा पडतो.

या चार महिन्यांत ज्येष्ठ माणसांच्या वाट्याला काय येते, हे कोयना खोऱ्यातील घराघरांत ठाऊक आहे. धरणाच्या बाजूचा सकाळचा फेरफटका बंद होतो. अंगण आणि पायऱ्या शेवाळाने हिरव्या होतात. कपडे वाळत नाहीत, गुडघे आखडतात, दुपारीच दिवा लावावा लागतो. आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच वाक्य कानावर पडते : ‘बसून राहा, बाहेर जाऊ नका, पडाल.’ वाक्य काळजीचे असते आणि खरेही असते. पण चार महिने केवळ बसून राहिलेल्या माणसाचे स्नायू जसे सैल पडतात, तसे मनही सैल पडते.

अशा माणसाच्या हाती पावसाच्या दिवसांत एखाद्या फुलवेलीचे कलम द्यावे, असे आम्हांस वाटते. विरंगुळा म्हणून कोणतीही कुंडी चालेल. कलमाची गोष्ट निराळी आहे. ते रुजले की त्याचे एक स्वतंत्र रोप होते आणि ते दुसऱ्या कोणाला देता येते. ज्याला दिवसभर इतरांकडून घ्यावेच लागते, पाणी, गोळ्या, आधाराचा हात, त्याच्यापाशी देण्यासारखे काही असणे ही लहान बाब नव्हे.

या संदर्भात अमेरिकेतील एक प्रयोग पुष्कळांच्या वाचनात आला असेल. एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञ स्त्रियांनी कनेक्टिकट राज्यातील एका वृद्धालयात तो केला आणि 1976 साली प्रसिद्ध केला. एका मजल्यावरील वृद्धांना सांगितले, ‘येथील आपल्या दिनक्रमाचे निर्णय आपणच घ्यावेत’, आणि प्रत्येकास एक रोप निवडू देऊन त्याची निगा त्याच्यावर सोपवली. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली. पण त्यांना पाणी परिचारिका घालत. तीनच आठवड्यांत पहिल्या मजल्यावरील मंडळी अधिक सावध, हालती-बोलती आणि प्रसन्न आढळली. पुढे दीड वर्षाने त्यांच्यात मृत्यूही कमी झाल्याचे आढळले, पण तेथे माणसांची संख्या लहान होती आणि त्या आकडेमोडीत नंतर दुरुस्तीही करावी लागली. तेव्हा ‘रोप लावा, आयुष्य वाढेल’ असे कोणी म्हणू नये. रोपाचा परिणाम आणि निर्णयस्वातंत्र्याचा परिणाम त्या प्रयोगात वेगळा काढता येत नाही, हेही खरे. मात्र घरी शुश्रूषा करणाऱ्यांनी त्यातून एक गोष्ट अवश्य उचलावी. आजोबांच्या कुंडीला आपण पाणी घालू नये. ते विसरले तर आठवण करावी, तांब्या भरून हाताशी ठेवावा, घालायचे त्यांनीच.

वेलच का, याचे उत्तर कमरेत आहे. शेवंती, झेंडू, गुलाब यांच्यासाठी वाकावे लागते. वेल मात्र आधार दिला की आपल्या उंचीला येते. कठड्यावर किंवा कमरेइतक्या उंच कट्ट्यावर कुंडी ठेवून तारेचा अथवा काथ्याचा आधार दिला, तर खुर्चीत बसूनही तिच्या फांद्या हाती लागतात. जमीनही फारशी नको. बारा ते चौदा इंची कुंडी आणि दिवसातून चार-पाच तासांचे ऊन एवढे बहुतेक फुलवेलींना पुरते.

कोयनानगरची मेख

कलमे पावसाळ्यात लावावीत, असे सर्वत्र सांगितले जाते. ते साताऱ्याला, कराडला, सांगलीला योग्यच. कोयनानगर, हेळवाक, पाटणचा पश्चिम भाग येथे मात्र उघड्यावर लावलेले कलम रुजण्याआधीच कुजते. कलमाला हवेतील ओलावा हवा असतो, मुळाशी चिखल नको असतो. येथील पाऊस ओलावा भरपूर देतो आणि चिखलही तितकाच.

म्हणून येथे दोन वेळा साधाव्यात. मृगाच्या पहिल्या सरींपासून पाऊस लावून धरेपर्यंतचे आठ-पंधरा दिवस ही पहिली, आणि गणपती उठल्यानंतर हस्ताचा पाऊस सरेपर्यंतची दुसरी. मधल्या तरण्या-म्हाताऱ्या पावसात काम थांबवण्याचे कारण नाही. फक्त ते पडवीत किंवा व्हरांड्यात, पागोळ्या पोहोचणार नाहीत अशा जागी आणावे. पडवीतील दमट हवा ही कलमांसाठी आयती काचगृहासारखी असते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मात्र या उष्ण प्रदेशातील वेली जवळजवळ निजतात. तेव्हा लावलेली काडी हिरवी दिसत राहते, पण मूळ धरत नाही.

माती येथील तांबडी, जांभ्याची. पावसात ती घट्ट बसते. एक भाग माती, एक भाग जाडसर वाळू, एक भाग पालापाचोळ्याचे कुजलेले खत, आणि कुंडीच्या तळाशी विटेचे तुकडे असे मिश्रण ठेवावे. कोरडे खत चाळताना धूळ उडते. दमा असणाऱ्याने ते काम दुसऱ्यास सांगावे किंवा खत आधी ओलसर करून घ्यावे.

दाब कलम : थरथरत्या हातांसाठी

कलमांचे प्रकार अनेक आहेत. ज्येष्ठांसाठी आम्ही निःसंकोचपणे दाब कलमाची शिफारस करू. गुटी कलमाला साल वर्तुळाकार काढावी लागते, शेवाळ आणि प्लॅस्टिक घट्ट बांधावे लागते. बोटांत संधिवात असला की ते नकोसे होते. फाटे कलम सोपे, पण तोडलेली फांदी आईपासून तुटलेली असते. तिने मूळ धरेपर्यंत रोज लक्ष ठेवावे लागते. दाब कलमात फांदी तोडतच नाहीत. मूळ वेल तिला अन्नपाणी पुरवीत राहते आणि दुसऱ्या टोकाला ती सावकाश स्वतःची मुळे सोडते. एखाद-दोन दिवस विसर पडला तरी बिघडत नाही.

कृती अशी. जुई, मोगरा, कुंद, मधुमालती यांपैकी एखाद्या वेलीची खालच्या बाजूची, वर्षभराची, लवचीक फांदी निवडावी. फार कोवळी नको आणि लाकडासारखी जूनही नको. वाकवली तर वाकावी, मोडू नये. शेंड्यापासून हात-सव्वा हातावर एका डोळ्याखाली तिच्या खालच्या अंगाची साल नखाने किंवा बोथट सुरीने बोटभर खरवडावी. शेजारी मातीने भरलेली लहान कुंडी ठेवावी. खरवडलेला भाग तिच्यात दोन-तीन इंच खोल पुरून वर एक सपाट दगड ठेवावा. शेंडा मातीबाहेर, वर वळलेला असावा. झाले. दगड फांदीला हलू देत नाही आणि खालचा ओलावाही टिकवतो.

यानंतर वाट पाहायची. मोगऱ्याला आणि जुईला साधारण सहा ते आठ आठवडे लागतात, कधी त्याहून अधिक. दगड उचलून रोज मुळे पाहण्याचा मोह नातवंडांना होतो. आजीआजोबांनी तो आवरावा. शेंड्याला नवी पाने फुटून ती तरारली आणि फांदी हलकेच ओढल्यावर आतून धरून ठेवल्यासारखी वाटली, की मुळे आली. तेव्हाही एकदम तोडू नये. मूळ वेलीच्या बाजूने फांदी आधी निम्मी कापावी, आठ-दहा दिवस तशीच राहू द्यावी आणि मग पूर्ण वेगळी करावी. अशाने रोप सुकत नाही.

फाटे कलम करायचेच, तर वीतभर लांबीची, तीन-चार डोळ्यांची फांदी घ्यावी. खालचा छेद डोळ्याच्या लगत खाली तिरका द्यावा, वरची दोन पाने ठेवून उरलेली काढावीत, दोन डोळे मातीत जातील अशी ती खोचावी आणि वरून पारदर्शक पिशवीची टोपी घालावी. पिशवी दिवसातून एकदा उघडून वारा द्यावा. रोपवाटिकेत मुळे फुटण्यासाठी मिळणारी पूड वापरली तर बोगनवेलीसारख्या हट्टी वेलीला मदत होते. कृष्णकमळाला तिची गरजच नसते. बाटलीत पाणी घालून काडी रुजवण्याची रीत पाहायला फार सुंदर, कारण मुळे डोळ्यांदेखत फुटतात. मात्र ते पाणी आठवड्यातून दोनदा बदलावे. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. कुंडीखालच्या बशीलाही हाच नियम.

गोकर्णाला कलमाची यातायात नको. रात्रभर भिजवलेले बी गणपतीनंतर पेरले, तर आठ-पंधरा दिवसांत उगवते आणि दोन-अडीच महिन्यांत निळी फुले येतात. ज्यांना फार काळ वाट पाहवत नाही त्यांनी येथून आरंभ करावा.

मधुमालती आणि आंधळा वनस्पतिशास्त्रज्ञ

मधुमालतीचे झुपके संध्याकाळी पांढरे उमलतात, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतात आणि तिसऱ्या दिवशी लाल. पांढऱ्या फुलांकडे रात्री लांब सोंडेचे पतंग येतात, रंग चढलेल्यांकडे दिवसा मधमाश्या आणि सूर्यपक्षी. घरात अंथरुणाला खिळलेले माणूस असेल तर ही वेल खिडकीबाहेर चढवावी. तिच्यात रोज काहीतरी बदललेले असते आणि त्यावर बोलता येते. रॉजर उलरिक यांनी पेन्सिल्व्हेनियातील एका रुग्णालयात पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतरच्या 46 रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. हा निबंध 1984 सालचा आहे.

मधुमालतीचे जुने शास्त्रीय नाव क्विस्क्वालिस. लॅटिनमध्ये त्याचा अर्थ ‘कोण? कशी?’ असा होतो. आरंभी झुडपासारखी वाढून मग एकाएकी वेल होणाऱ्या या वनस्पतीला हे नाव शोभतेच. ते दिले गेओर्ग रुम्फियस यांनी. डच ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत ते इंडोनेशियातील अंबोन बेटावर राहत. 1670 साली त्यांची दृष्टी गेली. 1674 च्या भूकंपात पत्नी आणि मुलगी दगावली. 1687 मध्ये आगीत त्यांच्या ग्रंथाची चित्रे जळाली. तरी त्यांनी स्पर्शाने, वासाने आणि स्मरणाने वनस्पती ओळखत, मुलाच्या व लेखनिकांच्या हातून मजकूर लिहवून ‘अंबोनचा वनस्पतिकोश’ पुरा केला. 1702 मध्ये ते वारले. ग्रंथ छापून येऊ लागला 1741 पासून. ज्या गावाने 11 डिसेंबर 1967 ची पहाट पाहिली आहे, तेथील वाचकांना या माणसाबद्दल अधिक काही सांगायला नको.

मोतीबिंदू, काचबिंदू किंवा मधुमेहामुळे दृष्टी अधू झालेल्यांसाठी सुगंधी वेली घ्याव्यात : जाई, जुई, कुंद. जाईजुईचा वास दिवस मावळताना चढतो, त्यामुळे वेळेचे भानही राहते. सह्याद्रीच्या रानात उन्हाळ्याच्या अखेरीस पांढऱ्या फुलांनी भरणारी कुसर हीदेखील मोगऱ्याच्याच कुळातली. मात्र कोयना अभयारण्यातून तिची फांदी तोडून आणणे कायद्याने मना आहे. गावातील परसात कोणाकडे असेल तर त्यांच्याकडून कलम मागून घ्यावे. ज्यांना उग्र वासाने दम लागतो किंवा डोके दुखते, त्यांच्या उशालगतच्या खिडकीत या वेली लावू नयेत.

मधुमालतीविषयी दोन सूचना. तिच्या मुळांतून फुटवे येतात. पावसाच्या आरंभी ते मुळासकट वेगळे केले की आयती रोपे मिळतात. आणि ती लहान कुंडीत सुखी राहत नाही, पाहता पाहता कौलांवर चढते. बहर सरला की तिला निर्दयपणे छाटावे.

कृष्णकमळाची गोष्ट नातवंडांसाठी राखून ठेवावी : भोवतीचे शंभर तंतू कौरव, मधले पाच परागकोश पांडव आणि वरचे तीन ब्रह्मा-विष्णू-महेश. त्याच्या पानांवर सुरवंट दिसले तर लगेच फवारणी करू नये. ती होऊ घातलेली फुलपाखरे असतात आणि वेल पुन्हा फुटते.

बोगनवेल कोयनेच्या पावसात रुसते. तिला कोरडे दिवस हवेत. दिवाळीनंतर पाणी कमी केले की रंग धरते. तो रंग फुलांचा नव्हे, पानांचा. फूल म्हणजे आतले बारीक पांढरे नळकांडे. तिला नाव मिळाले फ्रेंच जहाजप्रमुख बोगनव्हिल यांचे. त्या सफरीवरील वनस्पतिशास्त्रज्ञ फिलिबेर कोमेर्सों यांचा पाय जखमेने इतका चिघळला होता की 1767 साली ब्राझीलच्या किनाऱ्यावर त्यांना धड हिंडताही येईना. त्यांची शुश्रूषा करणारी आणि त्यांच्या वतीने वनस्पती गोळा करणारी झान बारे ही पुरुषवेषात जहाजावर आली होती. बोगनवेलीचा पहिला नमुना तिनेच तोडून आणला असावा, असा अभ्यासकांचा कयास आहे. जगप्रदक्षिणा पुरी करणारी ती पहिली स्त्री. एखाद्या वनस्पतीला तिचे नाव मिळायला 2012 साल उजाडावे लागले, आणि तीही दक्षिण अमेरिकेतील वांग्या-बटाट्याच्या कुळातील एक वनस्पती. घरोघरी शुश्रूषा करणाऱ्या लेकीसुनांना यात नवल वाटणार नाही.

बोगनवेलीचे काटे मात्र विसरू नयेत. मधुमेही माणसाच्या बोटात गेलेला काटा पुढे मोठे दुखणे होऊ शकतो. जाड हातमोजे घालावेत, धनुर्वाताची लस घेऊन किती वर्षे झाली हे डॉक्टरांना विचारून ठेवावे.

काय लावू नये, काय खाऊ नये

कळलावी ही आपल्या डोंगरातली अतिशय देखणी वेल. श्रावण-भाद्रपदात तिच्या लालपिवळ्या ज्वाळा कुंपणाकुंपणावर दिसतात. तिचे सर्व भाग विषारी आहेत आणि कंद सर्वांत अधिक. तो रताळ्यासारखा दिसतो आणि तसा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण किंवा लहान मूल आहे, तेथे कळलावी नको. लाल-काळ्या बियांची गुंजही नको. चावून गिळलेली थोडी गुंजसुद्धा जीवघेणी ठरू शकते. अलमांडाच्या पिवळ्या फुलांना हरकत नाही, पण छाटताना निघणारा पांढरा चीक त्वचेला व डोळ्यांना झोंबतो.

‘झोपेसाठी कृष्णकमळाचा काढा’ हा सल्ला अलीकडे कानावर येतो. औषधात वापरली जाते ती त्या कुळातील एक वेगळी जात आहे. आपल्या कुंपणावरील शोभेच्या कित्येक जातींच्या पानांत सायनाइड निर्माण करणारी द्रव्ये असतात. काढा करू नये. गोकर्णाच्या फुलांचा निळा चहा नातवंडांना लिंबू पिळून जांभळा करून दाखवावा. मधुमेहाची किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रोज पिण्याआधी डॉक्टरांना विचारावे.

कोयनानगरात आणखी एक दक्षता लागते, जी इतर गावांत कोणी सांगणार नाही. येथे आजही अधूनमधून जमीन हादरते. धक्के सौम्य असतात, पण टांगलेली कुंडी खाली यायला तेवढे पुरते. पलंगाच्या, आरामखुर्चीच्या किंवा दाराच्या वर टांगत्या कुंड्या लावू नयेत. कठड्यावरील कुंडी तारेने बांधावी.

वेल दाट झाली की तिचा खालचा दोन-अडीच फुटांचा भाग पाने काढून मोकळा ठेवावा. हरणटोळ हा हिरवा, दोरीसारखा साप वेलीत वेलीसारखाच दिसतो. त्याचे विष सौम्य असते, पण ओळखण्याच्या भरवशावर हात घालू नये. आधी काठीने वेल हलवावी.

आणि शेवाळ. वृद्धांची मांडीची हाडे बहुधा अशाच चार पावलांत मोडतात. कुंडीपर्यंतची वाट ब्लीचिंग पावडरने दर आठवड्यास घासावी, हाताशी कठडा असावा, पायात मागे पट्टा असलेली चप्पल असावी. वाट सुरक्षित करता येत नसेल तर कुंडीच पडवीत आणावी. त्यात कमीपणा नाही.

स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाकडून एकच काम, रोज एकाच वेळी करून घ्यावे. पाणी घातल्याचे विसरून ते पुन्हा पुन्हा घालतील, त्यासाठी सकाळी एकच लहान तांब्या भरून ठेवावा. तो रिकामा झाला की त्या दिवसाचे काम झाले. गजऱ्याची फुले खुडणे, सुकलेली पाने वेचणे ही कामेही बोटांना पूर्वीची आठवत असतात.

मृगात दाबलेली फांदी गणपतीपर्यंत रुजलेली असते. आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोन वेळा कापून ती वेगळी केली की रोप हस्ताच्या सुमारास प्रवासाला तयार होते. या खोऱ्यातील क्वचितच असे घर असेल ज्याचे कोणी मुंबईत नाही. रोप पाठवण्याच्या आदल्या संध्याकाळी भरपूर पाणी घालावे, सकाळी घालू नये. मुळांची माती ओल्या गोणपाटात बांधून वर सुतळी गुंडाळावी, शेंडा वर्तमानपत्राच्या सैल नळकांड्यात ठेवावा आणि पुडके एस.टी.त पायाशी उभे ठेवायला सांगावे. पोहोचल्यावर आठवडाभर सावलीत, मग सकाळच्या उन्हात. सोबत एका कागदावर वेलीचे नाव, दाबल्याची तारीख आणि कोणी दाबली ते लिहावे. कागद आजीनेच लिहावा, अक्षर हलले तरी चालेल.